तुम्ही व्हा पुढे

माझी बायको मालती जन्मात कधी माझ्याबरोबर घराबाहेर पडली नाही. जायची सगळीकडे, पण माझ्यासोबत नाही, मागून. मी चपला घालून दारात उभा आणि ही आत. गॅस बघायचा राहिलेला असायचा, दुधावर झाकण ठेवायचं असायचं, नाहीतर शेजारणीचा निरोप अर्धवट असायचा. मग आतून आवाज यायचा, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

मी पुढे व्हायचो. स्टॉपवर उभा राहायचो. बस लांबून दिसायला लागली की माझ्या छातीत धडधड सुरू. बस थांबायची, लोक चढायचे, कंडक्टर दोरीला हात घालायचा आणि तेवढ्यात ही पदर सावरत कोपऱ्यावरून यायची. घाई नाही, पळणं नाही. वर मलाच, "बघा, आले की नाही? उगीच जीव खाता स्वतःचा."

माझी धडधड खोटी नव्हती. मी पिंपरीच्या कारखान्यात फिटर होतो. सातवीनंतर शाळा सुटली आणि भोंगा मागे लागला. भोंगा वाजला की गेट बंद. आत असलात तर आत, बाहेर राहिलात तर बाहेर. बंद होणाऱ्या गेटाची भीती माझ्या हाडांत बसली ती रिटायर झाल्यावरही गेली नाही. आणि नशिबाने बायको अशी दिली, की जिला जगात कुठलं गेट असतं हेच मान्य नाही.

मुलगा मिलिंद आम्हाला सिडनीला घेऊन आला, क्वेकर्स हिलला. इथं तर ट्रेनची दारंसुद्धा आपोआप बंद होतात. मी आत आणि ही प्लॅटफॉर्मवर कुणा पंजाबी बाईला गुडघ्याला लावायचं तेल सांगतेय, असं किती वेळा झालं. पेंडल हिलच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी घ्यायला गेली की काउंटरवरच्या पोरीला विचारल्याशिवाय बाहेर यायची नाही, "जेवलीस का?" पोरगी तमिळ. तिला मराठी कळत नव्हतं, पण प्रश्न कळायचा. ती पोटावर हात ठेवून मान हलवायची. नातू म्हणायचा, "आजी, यू आर ऑल्वेज लेट!" तर ही म्हणायची, "लेट नाही रे राजा. मागाहून."

बोटीचं मिलिंदनंच काढलं. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यानं आणि सूनबाईनं टास्मानियाची क्रूझ बुक केली. त्यांना सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघंच. "बाबा, नो वरीज. जेवण, झोपणं सगळं आत. फक्त बंदराला उतरलात की वेळेत परत या. बोट कुणासाठी थांबत नाही." हे शेवटचं वाक्य त्यानं आईकडे बघून म्हटलं. ती बॅगेत लाडवांचा डबा कोंबत होती.

बोट कसली, आडवी केलेली अख्खी हाउसिंग सोसायटी. आमची खोली साफ करायला फ्रान्सिस म्हणून गोव्याचा पोरगा यायचा. मालतीनं पहिल्याच दिवशी त्याला लाडू दिला. मग तो तिला आंटी म्हणायला लागला आणि हिंदीत मराठी मिसळून घरची गाऱ्हाणी सांगायला लागला.

बर्नी नावाच्या गावाला बोट लागली. छोटं गाव, समोर समुद्र, मागे टेकडीवर घरं. आम्ही किनाऱ्यानं चालत होतो. बाकावर एक पोरगी फोनवर रडत होती. रडणं मराठीत. "आई, नाही गं जमत मला. कुळथाच्या पिठल्याच्या गुठळ्याच होतात. आणि खावंसं तर तेच वाटतंय."

मालती थांबली. मी तिच्याकडे बघितलं आणि समजलो.

"कितवा महिना गं?"

पोरगी दचकली. "आठवा. तुम्ही मराठी?"

"नाहीतर काय चिनी? नवरा कुठंय तुझा?"

पोरीचं नाव सायली. नवरा तिकडे डोंगरापलीकडे खाणीत इंजिनिअर, आठवडा आठवडा तिकडेच राहायचा. बाळंतपणाला आई येणार होती, तिचा व्हिसा अडकला होता. कुळथाचं पीठ मात्र येऊन पोहोचलं होतं. घर टेकडीवर, गाडीनं जवळच.

"चल," मालती म्हणाली. "पिठल्याला वेळ तो कितीसा."

"अगं, बोट!"

"बोट संध्याकाळी आहे. तुमचा गुडघा दुखतोय ना? तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

"काका, मी स्वतः सोडते त्यांना. प्रॉमिस," सायली म्हणाली. तिच्या डोळ्यांत इतकी भूक होती, की मला पुढे बोलवेना. मी बंदराच्या बसमध्ये बसलो. मागे वळून बघितलं तर दोघी गाडीत बसत होत्या. मालतीची निळी साडी दारात अडकली होती आणि ती हसत सोडवत होती.

दुपार उलटली. मी बोटीच्या कठड्याला उभा. बसमधून लोक उतरत होते, पिशव्या, आइस्क्रीम, लाल झालेली तोंडं. मग दोन-दोन, एक-एक लोक यायला लागले. मग कुणीच नाही. मी फोन लावला. आमच्या खोलीत पोचेपर्यंत तो वाजत होता आणि दार उघडलं तर तिचा फोन उशीवर थरथरत होता. शेजारी चष्मा. शेजारी प्रेशरच्या गोळ्यांची डबी. सगळं होतं. तीच नव्हती.

स्पीकरवर तिचं नाव आलं. मोडकं, उलटंसुलटं, पण तिचंच. लग्नात सोडलं तर तिचं नाव असं चारचौघांत मोठ्यानं घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. 

फ्रान्सिस एका गोऱ्या साहेबाला घेऊन खोलीत आला. साहेबानं तिचा पासपोर्ट मागितला.

"कशाला?" मी म्हटलं.

"रूल है, अंकल. पासपोर्ट बंदराच्या एजंटला देऊन ठेवतात. म्हणजे आंटी मागाहून येऊ शकेल."

मी तो काढून दिला. मी चाळीत वाढलेला माणूस. कुणी गेलं की दारात पहिला माणूस येतो तो कागदच मागतो, हे मी लहानपणापासून बघितलंय. पासपोर्टातल्या फोटोत ती घाबरल्यासारखी दिसत होती. एरवी कधी दिसली नाही तशी.

"मला उतरवा," मी म्हटलं. "फ्रान्सिस, सांग त्यांना, मी म्हातारा माणूस, मला उतरवा."

त्यानं साहेबाला सांगितलं. साहेब हळू काहीतरी बोलला. फ्रान्सिस माझ्याकडे न बघता म्हणाला, "शिडी काढली, अंकल."

बोट हलली तेव्हा धक्का बसला नाही. बसचा बसतो तसा काहीच नाही. नुसता धक्का मागे सरकायला लागला, मग झाडं, मग टेकडी. धक्क्यावर एक माणूस पिवळं जाकीट घालून उभा होता. निळी साडी कुठंच नाही. जन्मभर ज्या गेटाला घाबरलो ते बंद झालं होतं आणि मी आत होतो.

मिलिंदला फोन लागला. तो म्हणाला, "बाबा, पॅनिक होऊ नका, मी बघतो," आणि तेवढ्यात रेंज गेली. त्यानंतर फक्त पाणी.

मला काय काय दिसत होतं ते सांगतो. ती रस्ता ओलांडताना उजवीकडे बघायच्या जागी डावीकडे बघतेय. टेकडीच्या पायऱ्यांवर पडलीय. गोळी नाही म्हणून डोकं धरून बसलीय आणि तिला इंग्रजीत कुणी काही विचारतंय. त्या पोरीचं आडनाव मी विचारलं नव्हतं. घर कुठलं ते बघितलं नव्हतं. देवाला मी कधी फार भाव दिला नाही, त्या दिवशी नाव आठवेल त्या देवाच्या पाया पडलो. आणि एक लाजिरवाणा विचारही येत होता, की माझे बनियन ती कुठल्या कप्प्यात ठेवते हेही मला माहीत नाही.

जेवणाच्या वेळी फ्रान्सिस धावत आला. "अंकल, एजंटचा मेसेज! आंटी सेफ. रस्त्यानं होबार्टला येणार, उद्या आपली बोट लागते तिकडे, तिथंच पकडणार."

"तिचा आवाज कुणी ऐकला?"

"आवाज नाही, अंकल. मेसेज."

मग मी समजलो, म्हाताऱ्याला गप्प बसवायला असंच सांगतात. त्यानं ताट आणून ठेवलं. मी हात लावला नाही. बोट डोलत होती आणि तिच्या गोळ्यांची डबी टेबलावर एकटीच इकडून तिकडे सरकत होती. शेवटी मी ती मुठीत धरून बसलो.

होबार्टला बोट लागली तेव्हा डोंगराच्या डोक्यावर ढग होता. मी पुन्हा त्याच कठड्याला. धक्क्यावर बायका होत्या, पण साडी एकीचीही नाही. शिडी लागली. लोक उतरायला लागले. मी डबी मुठीत धरून उभा. एवढ्यात एक जुनी लाल यूट आली, मागे उघडा हौदा असलेली गाडी, चिखलानं माखलेली. पांढऱ्या दाढीचा गोरा म्हातारा उतरला, वळसा घालून गेला, दुसरं दार उघडलं. आणि त्यातून पाठमोरी, एक एक पाय चाचपत, माझी बायको उतरली. अंगात कुणाचं तरी गुडघ्यापर्यंतचं जाड जाकीट, खाली निळ्या साडीच्या निऱ्या, हातात डबा.

 डबी मुठीतच धरून शिडी उतरलो. खाली गेलो आणि तोंडात येईल ते बोललो. अक्कल काढली, माहेर काढलं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ओरडू नका, लोक बघतायत. काल जेवलात का?"

तो म्हातारा सायलीचा शेजारी, रॉन. सकाळी अंधार असतानाच निघून त्यानं तिला अख्ख्या टास्मानियातून गाडी मारत आणलं होतं. एकमेकांचा शब्द कळत नव्हता. तिनं वाटेत त्याला तिखट पिठलं आणि भात चारला होता आणि त्याचे डोळे अजून लाल होते. माझ्या खांद्यावर थाप मारून तो म्हणाला, "ऑल गुड, मेट." आणि मालतीला चक्क हात जोडले.

खोलीत आल्यावर तिनं सांगितलं. पोरगी दोनदा वाढून घेऊन जेवली. मग सोफ्यावर हिच्या मांडीवर डोकं ठेवून बोलत बसली आणि बोलता बोलता झोपली. एकटीला घरात भीती वाटायची म्हणून कित्येक रात्री तिला झोप नव्हती. जागी झाली ती बोट सुटल्यावर, मग तिनंच बंदरावर फोन करून कळवलं.

"घड्याळ मला समोर दिसत होतं हो," मालती म्हणाली. "पण दोन जिवांच्या पोरीला झोपेतून उठवू कशी? मांडी हलवली असती तर जागी झाली असती."

"आणि बोट?"

"बोट काय, आज होबार्टला येणारच होती. तुम्हीच सांगितलं होतंत परवा."

"घाबरली नाहीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "घाबरायचं काय त्यात? पुढे तुम्ही होतात ना."

आणि डबा उघडून तिनं मला गार पिठलं-भात वाढला. गुठळी एक नव्हती.

त्या दिवसापासून माझी धडधड थांबली. खरंच थांबली. स्टेशनवर मी पुढे जाऊन बसायचो, ट्रेन निघून गेली तरी बसून राहायचो. येईल. भर समुद्रात गेलेली बोट जिनं गाठली, तिला क्वेकर्स हिलची ट्रेन काय. सायलीला मुलगी झाली. ती व्हिडिओवर दाखवायची आणि मालती फोनमध्ये तोंड घालून त्या तान्ह्या पोरीलाही विचारायची, "जेवलीस का गं?"

गेल्या थंडीत तिच्या छातीत कफ झाला. हॉस्पिटलात ठेवलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी सगळं केलं. दुपारी मिलिंद मला म्हणाला, "बाबा, तुम्ही सकाळपासून उपाशी आहात, घरी सोडतो." मी तिच्याकडे बघितलं. तिनं नाकावरची नळी जराशी सरकवली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "जेवून घ्या. मी आलेच."

मी निघालो. लिफ्टमध्ये छातीत काही झालं नाही. घरी आलो, वरण-भात खाल्ला, आडवा झालो, डोळाही लागला. बोटीच्या वेळी ती धडधाकट होती आणि मी भीतीनं अर्धा मेलो होतो. आणि ज्या दिवशी घाबरायचं होतं, त्या दिवशी मी शांत झोपलो. उठलो तेव्हा मिलिंद दारात उभा होता. त्याच्या हातात तिची पिशवी होती.

भेटायला येणारे म्हणतात, वहिनी पुढे गेल्या. मी वाद घालत नाही, पण ते चूक आहे. पुढे मी आलोय. तिनंच पाठवलं.

भीती मात्र परत आलीय, पहिल्यासारखीच. तिन्हीसांजेला येते. मिलिंद आतून ओरडतो, "बाबा, जाळीचं दार लावा, माश्या येतायत." मी उठतो. दार लोटतो. कडी लावत नाही.