आधीच लागलेला कमिट

रीबेस चालू केला आणि स्क्रीनवर ओळ आली: तुमचा पहिला कमिट आधीच लागलेला आहे, वगळला. माझी दुरुस्ती माझ्या आधी मेनवर नेणारी ऑफिसात एकच होती, कावेरी.

आधी थोडं समजावते. कमिट म्हणजे प्रोग्राममध्ये केलेला एक बदल, करणाऱ्याच्या नावासकट जपलेला. आपण आपल्या वेगळ्या ब्रँचवर काम करतो, तोवर सगळ्यांची मेन ब्रँच पुढं गेलेली असते. आपले बदल एकेक उचलून त्या नव्या मेनवर बसवायचे, याला रीबेस म्हणतात. एखादा बदल तिथं जसाच्या तसा आधीच आलेला दिसला, तर गिट, म्हणजे या सगळ्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, तो पुन्हा बसवत नाही. जावेनं भाजीत मीठ घातलंय म्हटल्यावर आपण घालत नाही, तसंच.

आमचं ऑफिस सीमाभागात, अनगोळात. चिकोडीकडच्या एका दूध डेअरीचं काम होतं. दूध घातलं की शेतकऱ्याला मराठी आणि कन्नड दोन्हींत पावती. कन्नड जोडाक्षराचा खाली लोंबणारा भाग छापताना कापला जायचा आणि माणसांची नावं भलतीच व्हायची. चेअरमननी बजावलं होतं, पुढच्या डेमोला नावं धड आली नाहीत तर दुसरी कंपनी बघू.

दुरुस्ती मी केली. मी, जिचं कन्नड भाजीबाजारापुरतं. क्लायंटशी बोलायला मात्र कावेरी. मूळची चिकोडीची, माझ्याहून ज्युनिअर, कन्नड आणि मराठी दोन्ही सारखंच तोंडात. डेमोनंतर सर या कामाचा लीड ठरवणार होते. मला तो हवा होता. तिला मिळू नये, हेही हवं होतं. खोटं कशाला बोलू?

समाधानी माणूस ती ओळ वाचून चहाला गेला असता. मी मेनची हिस्टरी उघडली. माझ्या दुरुस्तीवर तिनं स्वतःचं नाव चढवलंय का, एवढंच बघायचं होतं. करणारी म्हणून नाव माझंच होतं, लावणारी म्हणून तिचं. खरं सांगायचं तर निराशाच झाली. मग त्याच्या वरची नोंद दिसली. तिनंच नंतर तो बदल रिव्हर्ट केला होता, म्हणजे काढून टाकला होता.

मीठ घातलेली भाजी ओतून दिली होती आणि गिट मला सांगत होतं, मीठ पडलंय. बदल कधीतरी आला होता का, एवढंच ते बघतं. अजून आहे का, ते बघत नाही. तसंच पुढं गेले असते तर डेमोत नावं पुन्हा कापली गेली असती.

मी तिच्या टेबलाशी गेले. "काढलीस ते सांगायचं न्हाईस व्हय?"

"सांगिटलं की आक्का. जुन्या प्रिंटरवर कागद अडकत हुता म्हणून काढलं. ग्रुपवर टाकलंतं."

तो ग्रुप मी म्यूट केला होता. रोज तिचंच कौतुक कोण वाचणार?

जुन्या प्रिंटरचा इलाज माझ्या दुसऱ्या कमिटमध्ये होताच. आधीचा रीबेस टाकून दिला आणि पुन्हा चालवला. या वेळी कमांडला रीअप्लाय-चेरी-पिक्स हा शब्द जोडला, म्हणजे आधी लागलेलं दिसलं तरी पुन्हा लाव. दोन्ही कमिट बसले.

डेमोला पावती निघाली, नावं अख्खी. चेअरमननी कावेरीची कन्नडमधून तोंड भरून स्तुती केली. ती जे बोलली ते माझ्या भाजीबाजारी कन्नडलाही कळलं: हे मेघाक्कांनी केलंय, मी फक्त काढून टाकलं होतं. चेअरमननी माझ्याकडे वळून हात जोडले.

परतताना गाडीत सर म्हणाले, "ह्ये काम कावेरी बघंल. मेघा, तुझं काम चोख हाय, पण तितं बोलाय पायजे न्हवं?"

गिट 'आधीच लागलंय' म्हणालं की आजही ते तिथं आहे का, ते आपण उघडून बघावं. ही सवय मला मत्सरानं लावली, तेवढं त्याचं श्रेय. अनगोळ येईपर्यंत जळत बसायची माझी पुरी तयारी होती. पण माझं होतं ते सगळं कावेरीनं चारचौघांत आधीच मला देऊन टाकलं होतं. जळायला धड कारणही ठेवलं नव्हतं. तेवढं मी तिला अजून माफ केलेलं नाही.