फरशीवरून उचललेलं जुनं वजन

मंडळी, एक सल्ला पाहिजे.

सकाळी बाबांसोबत विजय नगरला कारच्या चाकांचं बॅलन्सिंग करायला गेले होते. बाबा फौजेच्या गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. चाक थरथरू नये म्हणून रिमवर शिशाचं वजन ठोकतात. मेकॅनिकनं फरशीवर पडलेलं जुनंच उचललं.

"पुराना क्यों ठोक रहा है बे?" बाबा ओरडले.

"चलता है, अंकल जी."

बाबांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. त्यानं ढकललं, बाबा मशीनवर आदळले, ओठ फाटला. तरी बाबांनी त्याचा हातोडा हिसकून त्याच्याच डोक्यावर उगारला. मी मधे पडले नसते तर खून झाला असता.

घरी मी बाबांच्या ओठावर बर्फ धरला, तेव्हा ते बोलले, "लढाई सुरू होती. नवी वजनं संपलेली, जीप पाठवायची घाई. मीच जुनं ठोकलं. ट्रायलला ते सुटलं अन् भाऊच्या डोळ्यात घुसलं. सगळ्यांना वाटलं, रस्त्यावरची गिट्टी उडाली. मी वाटू दिलं."

भाऊकाका, बाबांचे कारखान्यातले सोबती, दर रविवारी आमच्याकडे जेवतात. दुसऱ्या डोळ्यानंही आता कमी दिसतं, म्हणून बाबांचा हात धरून जिना चढतात.

उद्या रविवार आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर सांगितलं असतं त्यांना?