पुलावर मारलेली बसकण

नागपूरहून नणंद आणि तिचे यजमान यायचे म्हटलं की दोन दिवसांत अर्धं भोपाळ पायाखाली घालायचं, असा आमच्याकडचा रिवाज. त्या वेळी भाऊजींनी फोनवरच फर्मान काढलं, "या खेपेला तो तुमचा झुलता पूल बघायचाच. व्हिडिओत काय भारी दिसतो!"

"झुलता नाही हो, केबलांनी ताणून धरलेला आहे," ह्यांनी लगेच दुरुस्ती केली. "झुलला तर कामातून गेला." आणि मग म्हणाले, "रविवारी जाऊ. पायी पार करू, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी नाही. हे पायी का म्हणाले, ते मला पक्कं ठाऊक होतं.

ह्यांचं काम लोखंडी शेड उभ्या करण्याचं. एका ठेकेदाराकडे सव्वीस वर्षं. तिघांची टोळी, आणि सगळ्यांत पुढे हे. उंचावरच्या तुळईवरून आधी हे चालत जातात, पलीकडे दोरी बांधून आपल्या कमरेच्या पट्ट्याचा हूक तिच्यात अडकवतात, मग मागचे दोघं आपापले हूक तिच्यातच अडकवून येतात. या कामाला उंचीचा पास लागतो, तोही दरवर्षी नवा. डॉक्टर बीपी बघतो, हातभर उंच ठेवलेल्या अरुंद पट्टीवरून चालवतात आणि शेवटी एका कागदावर सही घेतात की मला चक्कर येत नाही. ती तपासणी मंगळवारी होती. आणि ह्यांना चक्कर येत होती. त्याआधी पुलावर स्वतःला आजमावून बघायचं होतं.

मला कळलं ते दीड महिन्यापूर्वी, दाढीच्या सामानात गोळ्या सापडल्या तेव्हा. "कानाचं आहे, जाईल," हे म्हणाले. "कोणाजवळ बोललीस तर बघ." मी बोलले नाही. अहो, चोपन्नाव्या वर्षी वर चढणाऱ्या माणसाला खाली कोण काम देतो? फार तर गेटवर रजिस्टर घेऊन बसवतील. टोळीतले लोक ह्यांना उस्ताद म्हणतात. तो माणूस गेटवर गाड्यांचे नंबर लिहितोय, हे चित्र मला सहन होत नव्हतं. म्हणून मी देवाला नारळ बोलले आणि तोंड शिवून बसले. शहाणपणा केला असंच तेव्हा वाटत होतं.

रविवारी साडेचारला आम्ही इंद्रपुरीतल्या घरून ऑटोने निघालो. पुलावर ही गर्दी! पिवळ्या केबलांखाली उभं राहून जो तो फोटो काढतोय, लेकरं आइसक्रीम चाटत पळतायत, कोणी फुगे विकतोय. खाली छोटा तालाब, पाणी काही फार खोल दिसत नव्हतं. ताई म्हणजे माझी नणंद, तिने उतरल्या उतरल्या पर्समधून कंगवा काढला. भाऊजी मोबाइल वर धरून आपलं भाष्य सुरू करून चालू पडले.

हे कठड्यापासून दोन हात लांब चालत होते, नजर समोर, हात मोकळे. ती पट्टीवरची चाल होती. मी शेजारून चालत होते आणि ह्यांच्या बुटांशिवाय मला काही दिसत नव्हतं. पहिला खांब गेला. ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मेला जीव भांड्यात पडला माझा! वाटलं, जमलं. मंगळवारही जाईल असाच.

तेवढ्यात मागून भरलेली बस आली. पूल थरथरला. इतकंच, पायाला जाणवेल न जाणवेल एवढं. हे थांबले. उजवा हात कमरेशी गेला आणि तिथे काहीतरी चाचपडायला लागला. एकदा, दोनदा, तीनदा. मला आधी कळेना काय शोधतायत. मग कळलं. हूक. सव्वीस वर्षांची सवय, पाय डळमळला की हात हुकाकडे जातो. हूक कुठला असायला, रविवारचा इस्त्रीचा शर्ट घातलेला. चेहरा पांढराफटक पडला आणि हे तिथेच, पुलाच्या मधोमध, फुटपाथवर मटकन बसले.

"अगं बाई! छातीत दुखतंय का रे तुला?" ताईने किंकाळीच फोडली. लोक जमले. एकाने पाणी पुढे केलं, एक म्हणाला एम्बुलेंस बुलाओ, एक बहाद्दर चक्क व्हिडिओ घेत होता. त्याला मी असं काही झापलं की तो पार दुसऱ्या टोकाला गेला असेल. भाऊजी ह्यांच्या काखेत हात घालून उठवायला लागले तसे हे ओरडले, "ओढू नका!" दोन्ही हातांनी कठड्याची जाळी धरलेली, बोटं पांढरी.

ह्यांनीच कधीतरी जेवताना सांगितलेलं आठवलं. वर अडकलेल्या माणसाला ओढायचं नाही. घाबरू नको असंही म्हणायचं नाही, त्याने तो जास्तच घाबरतो. त्याच्या उंचीला यायचं आणि फक्त पुढची एक गोष्ट सांगायची. मी साडी सावरत तिथेच फतकल मारली.

"अहो, माझ्याकडे बघा. डावा हात सोडा."

सुटेना.

"एक बोट सोडा."

एक बोट सुटलं. मग दुसरं. किती वेळ गेला कोण जाणे. हात माझ्या खांद्यावर आला तेव्हा त्याचा घाम ब्लाउजमधून जाणवला. "गुडघा टेका. आता उजवा पाय." उभे राहिले. "एक पाऊल." बाजूने चार वर्षांची एक पोरगी उड्या मारत गेली, आणि मी माझ्या नवऱ्याला त्याच पुलावरून एकेक पाऊल मोजून नेत होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, ह्यांचा, त्या बसचा, फुगेवाल्याचासुद्धा.

पलीकडे एका टपरीच्या बाकावर ह्यांना बसवलं. चहा आला. आता लपवण्यात काय अर्थ होता? हे सगळं बोलले, मंगळवारसुद्धा.

भाऊजी मायेचा माणूस. ह्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एवढंच ना? सकाळी दोन गोळ्या घेऊन जा. हातभर उंच पट्टी, पाच मिनिटांचं काम. तिथे काही बस नाही येत. काय हो वहिनी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, आताच पुलावर त्या माणसाची बोटं एकेक करून सोडवलेली बाई, म्हणाले, "हो ना. घेऊन जा गोळी. पास तर होऊ दे, मग बघू."

ह्यांनी कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, "माझ्या दोरीला दोघं असतात गं."

आवाज चढवला नाही. खिशातून मोबाइल काढला आणि आमच्यासमोरच सुपरवायझरला फोन लावला. "साहब, मंगल को मेरा नाम मत लिखिए. मुझे चक्कर आता है." पलीकडून काही विचारलं. हे म्हणाले, "तीन महीने से." पुन्हा काही विचारलं. "जी. चढ़ता रहा." मग नुसतं "जी, जी" म्हणत राहिले आणि फोन ठेवला. ताई डोळे पुसत होती. माझ्या डोक्यात मात्र दीड महिना, दीड महिना एवढंच वाजत होतं. त्या तीनपैकी दीड माझाही होता.

सोमवारी दुपारी टोळीतल्या त्या मागच्या दोघांपैकी एकाची बायको घरी आली. आमच्या मागच्याच गल्लीत राहते, दिवाळीला फराळाची देवाणघेवाण, गणपतीत आरतीला हजर, इतकं येणंजाणं. येताना डब्यात गाजराचा हलवा आणलेला. बसली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाली, "भाभी, भैया ने खुद बोल दिया, बड़ी बात है. कोई और होता तो छुपा लेता. आपका बहुत एहसान है हम पर."

एहसान! तो शब्द मला गिळवेना. मान हलवली असती तर कोणाला काय कळणार होतं? पण ह्यांनी चारचौघांत फोन लावला होता, आणि मी घरात बसून आभार घेत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुझे डेढ़ महीने से पता था."

तिने हात लगेच सोडला नाही. आधी तिला नीट कळलंच नसावं. मग हळूच काढून घेतला आणि पदराला पुसल्यासारखा केला.

"डेढ़ महीने से," ती म्हणाली, "मैं रोज़ सुबह टिफिन देकर इनसे कहती थी, उस्ताद के पीछे-पीछे रहना."

चहा तसाच ठेवून ती उठली आणि चपला घालून गेली.