विसावं सायटेशन

माझं नाक डावीकडे झुकलेलं आहे. लग्नाच्या फोटोत ते सरळ आहे, हवं तर घरी येऊन बघा. ते मोडलं एका सायटेशनपायी, आणि तेही दोनदा.

आमच्या संशोधनाच्या धंद्यात माणसाची लायकी एका आकड्यावर ठरते. त्याला एच-इंडेक्स म्हणतात. तुमचे वीस पेपर असे हवेत, की प्रत्येकाचा उल्लेख दुसऱ्यांनी निदान वीसदा केलाय. असा एकेक उल्लेख म्हणजे सायटेशन. मग तुम्ही वीस. आमच्या इकडे उत्तरेतल्या संस्थेत विसाला प्रोफेसर, एकोणिसाला ‘अभी टाइम है’. मी एकोणीस. माझ्या विसाव्या पेपरला एकोणीस सायटेशन्स. एक, फक्त एक कमी! इंटरव्ह्यू तीन महिन्यांवर. मी घास तोंडाशी धरून मोबाइल बघायचो. बायको म्हणाली, “अहो, शेअर बाजार बरा. तो निदान दुपारी बंद तरी होतो.”

समोरच्या लॅबमधला शास्त्रज्ञ मूळचा पानिपतचा. खांदे असे, की दारातून आडवा होऊन आत यायचा. तो माझ्याच विषयावर, रक्त गोठण्यावर, मोठा लेख लिहीत होता. आमच्यात रीतच आहे: तू तुझ्या संदर्भांत माझा पेपर घाल, मी माझ्यात तुझा घालतो. चहाचे दोन कप घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

“डॉक्टर साहब,” हातातलं पिपेट खाली न ठेवता तो म्हणाला, “आपका पेपर ग़लत है. छह बार करके देखा. आपके प्रोटीन से ख़ून जमता ही नहीं.”

त्याचे सगळे विद्यार्थी माना वळवून बघत होते.

“तुमको करना नहीं आता,” मी म्हणालो.

“करना तो आपको नहीं आता. आप मराठे लोग पानिपत आते ही क्यों हो?”

झालं! अडीचशे वर्षं तुंबलेला माझा हात सुटला. आधी दोन्ही चहा त्याच्या कोटावर, मग बर्फाची बादली त्याच्या डोक्यात. त्यानं मला बगलेत धरून टेबलावर असं आपटलं, की तिकडे मानेसरच्या मोटार कारखान्यात नव्या गाड्यांचे बोल्ट ढिले झाले असतील. मी त्याच्या कानाला दात लावले. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. मी शुद्ध शाकाहारी आहे, याची नोंद घ्यावी.

त्या झटापटीत स्पिरिटची बाटली कलंडली आणि शेजारच्या नळ्यांवर सांडली. नळ्यांवर मार्करनं नावं लिहिलेली होती. बघता बघता ती विरघळली, निळं पाणी होऊन ओघळली.

त्याच्या कानावरचे माझे दात सुटले. त्या पेपराच्या वर्षी पाहणीला पाहुणे येणार म्हणून मी माझ्या नळ्या स्पिरिटनं चकाचक पुसल्या होत्या. नावं गेली, ती मी पुन्हा घातली. आठवणीवर! माझं प्रोटीन कुठल्या नळीत आणि तुलनेसाठी ठेवलेलं, रक्त हमखास गोठवणारं औषध कुठल्या नळीत, हे मी आठवणीवर ठरवलं होतं.

मी तसाच बघत उभा राहिलो, आणि त्याची मूठ आली. पापड मोडावा तसा आवाज झाला. नाकातून धार लागली, ती थांबेना.

“देखो, जम ही नहीं रहा!” फाटका कान धरून तो ओरडला. “लगाओ अब अपना प्रोटीन!”

संचालकांनी दोघांकडून माफीनामे घेतले. नळ्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. त्याचा राग मात्र उतरला नव्हता. ज्या जर्नलात माझा पेपर आला होता, तिथेच त्यानं पत्र छापून आणलं. दीड पान. माझ्या पेपराचं कातडं सोलून उन्हात वाळत घातलं होतं. शेवटी संदर्भांची यादी होती. पहिलाच संदर्भ: माझा पेपर.

मोबाइल उघडला. वीस!

मोजणाऱ्या यंत्राला शिवी आणि ओवी सारखीच. इंटरव्ह्यूत ते पत्र कोणी वाचलेलं नव्हतं. त्यांनी आकडा विचारला, नाकाची चौकशी केली आणि मला प्रोफेसर केलं.

माझी खोड जाते थोडीच! पेढ्यांचा बॉक्स घेऊन मी त्याच्या लॅबमध्ये हजर. “बीसवाँ आपका था,” मी म्हणालो. तो पांढरा पडला. पेढा तोंडातच राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, “उस दिन ट्यूब देखकर आप रुक क्यों गए थे?”

खोटं सांगता आलं असतं. इतकी वर्षं त्यावरच घर चालवतोय, असं बायको म्हणते. पण त्याचा शिवलेला कान समोर होता. मी सगळं सांगितलं.

त्यानं बॉक्स जपून बाजूला ठेवला, हात कोटाला पुसला आणि मारलं. तोच हात, तीच जागा, तोच आवाज.

मी फरशीवर बसलो होतो. तो माझ्यापुढे उकिडवा बसला. “डॉक्टर साहब, इसको कहते हैं नतीजा रिप्रोड्यूस होना.”

नाकात कापूस कोंबून त्याच्याच कॉम्प्युटरवर मी पेपर मागे घेण्याचं पत्र लिहिलं. तो मागे उभा राहून भरल्या तोंडानं माझं इंग्रजी सुधारत होता. आकडा परत एकोणीस, आणि माझी प्रोफेसरकीची फाइल परत संचालकांच्या टेबलावर. पत्र गेल्यावर मी पेढ्यांकडे हात नेला.

बॉक्स रिकामा होता.