सायकलींची खंडेनवमी
ऑफिसात झेंडूच्या टोपल्या आल्या, की त्या वासामागून मला सायकलच्या चेनच्या तेलाचा वास येतो आणि गुडघा ठणकायला लागतो. आम्ही चौघे मित्र नाशिकहून सायकलने गोव्याला निघालो होतो आणि कर्जतच्या पुढे, भातशेतांतल्या एका ओळखीच्या घरी एक दिवस विश्रांतीला थांबलो होतो. मी इतका दमलो होतो, की चहाचा कप उचलायचंही जिवावर येत होतं. बाकीचे पडवीत घोरत असताना मी गुपचूप शिळफाट्याहून टेंपो मागवला. सायकल त्यात टाकायची आणि सरळ घरी जायचं. टेंपो आला म्हणून अंगणात गेलो, तर घरच्या काकूंनी कोयते, विळे, कुदळ यांच्याच ओळीत आमच्या सायकली उभ्या केलेल्या. हँडलला झेंडू, सीटवर हळदकुंकू. मी माझी सायकल ओढायला लागलो, तशा त्या ओरडल्या, “ए, हात नाय लावायचा रं! आज खंडेनवमी हाय. रोज राबतात, आज तरी पडू दे त्यांना.” टेंपोवाल्याने सायकलींना नमस्कार केला, माझ्याकडे रागाने बघितलं आणि टेंपो रिकामाच वळवला. मी पडवीत जाऊन संध्याकाळपर्यंत मेल्यासारखा झोपलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पॅडल मारायला लागलो, ते काही हिमतीने नाही. टेंपोवाला फोनच उचलत नव्हता. आता दर खंडेनवमीला मी लॅपटॉपला फूल वाहतो आणि हातातला पेढा संपायच्या आत पाकळ्या झटकून तो उघडतो. हात नाय लावायचा, असं ओरडणारं इथे कुणी नाही.