भिंतीकडची बाजू

आमच्या बुऱ्हाणपुरातल्या फुटबॉलच्या मैदानाला दोन बाजू आहेत. एक चिंचेकडची. तिथं सावली असते, म्हणून ती शहराच्या टीमच्या लोकांची. दुसरी भिंतीकडची. तिथं दुपारपासून ऊन थेट डोळ्यांवर येतं, म्हणून ती पाहुण्यांची. कागदाच्या मिलमधली माणसं मॅच बघायला यायची ती भिंतीकडं बसायची. त्यांच्यात माझा नवरा असायचा, आणि मी चिंचेखाली.

माझं माहेर पॉवरलूमच्या गल्लीतलं. शहराच्या टीममधली निम्मी पोरं त्या गल्लीतली, आणि माझा भाऊ तर कितीतरी वर्षं डावीकडून धावला. आम्ही काही टीम निवडली नव्हती. आई जशी कुणी निवडत नाही, तशीच. हे मात्र महाराष्ट्रातून मिलमध्ये नोकरीला आले आणि मिलच्या टीमपायी वेडे झाले. स्वतः कधी चेंडूला पाय लावला नाही, पण गोलकीपरला ओरडायला सगळ्यांच्या पुढं.

लग्नाच्या बैठकीत भावानं सांगून टाकलं, "बहीन देतो तुमले, टीम नाही देत."

सगळे हसले. हे हसले नाहीत. "मागितली कुणी?" म्हणाले.

मला माणूस तिथंच आवडला.

लग्नात माझं आडनाव बदललं, भाजीतला मसाला बदलला. बाजू बदलली नाही. मॅचच्या दिवशी आम्ही घरातून एकत्र निघायचो आणि फाटकापाशी वेगळे व्हायचो. हे छत्री घेऊन उन्हात जायचे. आधीच हार ठरलेली, त्यात ऊन, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. घरी आल्यावर म्हणायचे, "तुमच्याकडं सूर्यसुद्धा फितूर आहे."

आमचा एक नियम होता, ह्यांनीच केलेला. ज्याची टीम हरेल त्यानं मावा जलेबी आणायची, तोंडातून शब्द न काढता जिंकलेल्याला पहिला घास भरवायचा, आणि स्वतः त्यातला तुकडाही खायचा नाही. हा नियम ह्यांच्याच अंगाशी आला, कारण मिल हरायचीच जास्त. पुडा घेऊन यायचे, माझ्यासमोर बसायचे आणि गालात हसत घास पुढं करायचे. मी मुद्दाम सावकाश चावायचे.

मग मिलमध्ये नवी भरती थांबली. आम्ही राहायचो त्या मिलच्या कॉलनीतली पोरं इंदूरला गेली, पुण्याला गेली, आणि टीम कुणी बंद न करताच बंद पडली. आम्हीही नोकरी संपल्यावर इथं शहरात राहायला आलो. मला वाटलं, आता तरी हे चिंचेखाली येतील. कसले येतात. खंडव्याची टीम येवो नाहीतर भुसावळची, आमच्या विरुद्ध जी असेल ती ह्यांची. छत्री घेऊन तिथंच.

"अहो, तुमची टीमच राहिली नाही, तर बसता कुणासाठी?" मी एकदा चिडवलं.

"तुझ्यासमोर कुणीतरी नको का?" म्हणाले.

मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

हे गेल्यानंतरच्या हिवाळ्यात आमची टीम फायनल जिंकली. ताशे वाजले, म्हाताऱ्यांनीसुद्धा गुलाल उधळला. मी सवयीनं भिंतीकडं बघितलं. चिडवायला तिथं कुणी नव्हतं. येताना जलेबी मीच घेतली आणि स्वयंपाकघरात उभ्यानं खाल्ली. ती काही केल्या गोड लागेना. जळलं मेलं ते जिंकणं. आयुष्यभर वाटत होतं, मी माझ्या टीमसाठी जीव टाकते. त्यातला निम्मा जीव ह्यांना हरवण्यात होता, हे त्या दिवशी कळलं. इतकं एकटं मला ह्यांच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं.

म्हणून यंदाच्या पहिल्या मॅचला मी ह्यांची छत्री घेतली आणि भिंतीकडं जाऊन बसले. एकटीच. परगावची टीम एका जीपमध्ये मावेल एवढी, त्यांच्यासोबत बघणारं कुणी नव्हतं. चिंचेखालून भाऊ माझ्याकडं असा बघत होता, जणू मी गल्लीला आग लावली. आमच्या टीमनं गोल केला तेव्हा घशापर्यंत आलेला आवाज मी गिळला. फार जड गेलं. त्या उन्हात डोळे असे चुरचुरतात हेही मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ह्यांनी कधी तक्रार केली नाही, नुसता विनोद केला.

आमचे जिंकले. म्हणजे मी हरले. फाटकाबाहेरच्या दुकानातून जलेबी घेतली. दुकानदार म्हणाला, "भाभी, आज तो अपनी टीम जीती. खुशी की बात है." मी मान डोलावली आणि पुडा घेऊन चिंचेकडं गेले.

भाऊ तणतणतच उठला. "तू तिकडं कायले बसली? लोक काय म्हनतीन?"

मी काही बोलले नाही. पुडा सोडला, एक तुकडा मोडला आणि त्याच्या तोंडापुढं धरला. आमचा नियम त्याला ठाऊक होता. सगळ्या गल्लीला ठाऊक होता. त्याचा राग तोंडावरच थांबला. त्यानं माझ्या हातातल्या छत्रीकडं बघितलं, मग तोंड उघडलं, आणि म्हातारी माणसं चावतात तसा हळूहळू चावत राहिला. मला रडू आवरेना.

घास गिळून झाल्यावर तो म्हणाला, "दाजी हारले तरी हासत होते. तुले हारता नाही येत अजून."

"शिकते आहे," मी म्हणाले.