घोडीच्या शेपटीचा केस

भाताची लावणी चालली होती तेव्हा आमच्या मालकांच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक गाठ दिसली. करवंदाएवढी, आणि तशीच जांभळट. दुखत नव्हती, खाजत नव्हती. दुखली असती तर बरं झालं असतं, माणूस धावत तरी सुटतो. मी म्हटलं, "अवं, ह्ये भोरात दाखवा की कुणाला." तर म्हणाले, "चामखीळ हाय. आक्का आली की बांधंल."

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. राजगडाखाली पालीला दिलेल्या. चामखीळ बांधावी तर त्यांनीच. घोडीच्या शेपटीचा एक लांब केस घ्यायचा, चामखिळीच्या देठाला फास टाकायचा आणि रोज थोडा थोडा आवळायचा. देठ सुकतो, चामखीळ गळून पडते. माझ्या मानेवरची त्यांनीच पाडलेली, मग मी कशाला नको म्हणेन? भोरात वरातीची घोडी ठेवणारे एक चाचा आहेत, केस त्यांच्याकडूनच यायचा. चाचा हसून म्हणाले, "ताई, माज्या घोडीची शेपूट इरळ झाली, नवरदेव नाकं मुरडत्यात. नणंदबाईंना म्हणावं, आता म्हशीवर भागवा!"

वन्सं आल्या, रोज केस आवळत गेल्या आणि गाठ गळून पडली. वन्संनी ती उकिरड्यावर भिरकावली, भावावरून मीठमोहऱ्या उतरल्या आणि शेवयांची खीर खाऊन पालीला गेल्या.

भात पोटरीला येऊन लोंबी धरायच्या आत गाठ त्याच जागी परत उगवली. ह्या वेळी सुपारीएवढी, वरची कातडी ताणून चकाकणारी. आणि एक दिवस मालक दाढी करत होते, तर जबड्याखाली मानेत मला आणखी एक फुगवटा दिसला. माझ्या हातातलं पाणी तिथंच सांडलं.

भोरच्या डॉक्टरांनी कान बघितला, मान चाचपली आणि विचारलं, "पहिली गाठ कुठं आहे? तपासायला लागेल."

"उकिरड्यावर," मी म्हटलं.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. नुसती पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्यात तुकडा काढून तपासला. कातडीचा कॅन्सर, त्यातलाही भराभर पसरणारा. तिथल्या डॉक्टरीणबाई समोर खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "बाबा, कान काढावा लागेल. मानेतल्या गाठीही काढाव्या लागतील, नंतर किरणांचा शेक द्यायचा. पण आत्ता. दिवाळी झाल्यावर येतो म्हणाल, तर तेव्हा माझ्या हातात काही उरलं नसेल."

मालकांनी टोपी कानावर ओढली. बाहेर आल्यावर म्हणाले, "आक्काला इचारतो."

फोनवर वन्सं एवढ्या मोठ्यांदा बोलल्या की शेजारी उभ्या मला सगळं ऐकू आलं. "हत्यार लावू नगंस, बाबा! माज्या चुलत सासऱ्याला लावलं, तर वणव्यागत पसारलं!" मालकांनी मोबाईल खिशात टाकला. त्यांच्या लेखी विषय मिटला. ऑपरेशनची तारीख जवळ येत चाललेली, आणि हा माणूस बांधावरचं गवत कापत बसलेला. मी भाकरी वाढायची आणि त्यांच्या मानेकडं बघत राहायची. "माज्याकडं काय बघतीस, नवा हाय का मी?" असं म्हणायचे. माझ्याच्यानं हसवत नव्हतं.

शेवटी मी स्वतः पालीला गेले आणि वन्संना घेऊन आले. भावाला ऑपरेशनला तयार करा म्हणून वाटभर विनवलं. घरी आल्यावर त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. पुडीत घोडीचा केस. वन्संनी आता फास टाकला, की रोज आवळत बसणार, आणि तारीख निघून जाणार.

"बस हितं उजेडात. टोपी काढ."

मालक लहान पोरासारखे ओट्यावर बसले. वन्संनी कानाची गाठ धरून बघितली. तळ पसरलेला, केस निसटला. मग त्यांची बोटं मानेवर उतरली. दाबली, बाजूला सरकवून बघितली, खालून धरायला गेली. गाठ चिंचोक्यासारखी टणक, जागची हलेना. वन्संनी परत परत बघितलं. देठ शोधत होत्या त्या. मी दाराची चौकट धरून उभी होते.

"ह्याला देठच न्हाई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "केस कुठं बांधू?"

"मग आता?" मालक म्हणाले.

"मग काय? ह्ये माज्या हातातलं न्हाई. जा त्या बाईकडं, काप म्हणावं कान."

"आन् हत्यार लावलं की पसारतंय, त्ये?"

"ह्ये तर हत्यार न लावताच पसारलंय की, येड्या!"

केस त्यांनी परत पुडीत घालायला घेतला, पण तो जमिनीवरच पडला.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. कान गेला, मानेवर गळ्यापर्यंत वण आला. पुढं शेकानं घसा असा सोलवटला, की पेजेचा घोटसुद्धा डोळ्यांत पाणी आणून उतरायचा. सगळ्याची चव मातीसारखी लागते म्हणायचे. आता जेवतात, शेतावर जातात. पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय, हा रोग परत येऊ शकतो, तपासणी चुकवायची नाही.

उद्या तपासणीची पाळी आहे. एक कान नसल्यानं चष्मा टिकत नाही, म्हणून वन्सं काडीला दोरी बांधायला आल्यात. गाठ मारायला त्यांच्यासारखं दुसरं कुणी नाही. "तुजं बरंय, एकाच कानानं बायकूचं ऐकायचं," असं म्हणत दोरी बांधली, आणि नेहमीप्रमाणे न विचारता त्यांची बोटं वणाच्या कडेनं मानेवर उतरली.

बोटं जबड्याखाली थांबली, जरा दाबली, पुढं गेली, परत मागं आली.

"काय लागत न्हाई," वन्सं म्हणाल्या. "उद्या बाई बघत्याल नीट. च्या टाक गं."

मी चहा ठेवायला उठले. साखर दोनदा घातली.